कर

मध्यरात्रीपासून भाव दुप्पट.
शटर अर्धं खाली ओढून हमीदिक्का म्हणाले, मोज.
म्हणून मी मोजतोय.

सोहारच्या कारखान्यांमागे आमचा बकाला,
पुढे पाण्याचे जार, खबूस, साबण, रिचार्जची कार्डं,
आणि माझ्या पाठीशी, काचेच्या कपाटात,
सडक्या फुफ्फुसाचं चित्र अंगावर घेऊन
शिस्तीत उभी पाकिटं.
दोनशे अकरा. फोडलेलं एक.
फोडलेल्यात सात.

ते सात फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहायचे
हे ना इक्कांना ठाऊक, ना मला.
सुटी विकायची नसते.
म्हणजे ते सात नाहीतच.
पण ज्यांच्यासाठी फोडलं ती माणसं आहेत.

त्यातला एक रघुवीर मोंडकर, वेल्डर, देवरुखच्या अलीकडचा.
रात्रपाळीला जाताना पन्नास बैसांची दोन नाणी ठेवतो,
बोलत नाही. जे काय बोलायचं ते लायटर बोलतो.
आज संध्याकाळी त्याला सांगितलं, उद्यापासून चार नाणी.
त्याने ओठ न हलवता हिशेब केला
आणि म्हणाला, "बरं झालं."
दारापर्यंत जाऊन म्हणाला, "बरं कसलं डोंबलाचं."

खोलीत ते आठ जण.
परवा म्हणे त्यांची सभा झाली, ठराव झाला, सोडायची,
आणि अनुमोदन म्हणून प्रत्येकाने एकेक शिलगावली.

गावाकडे तो ओढत नव्हता.
डाव्या तळव्यावर चिमूट, चुन्याचं बोट,
अंगठ्याने मळून दोन टाळ्या, की झालं काम.
पहिल्या खेपेला आमसुलांच्या पिशवीत दडवलेल्या पुड्या
मस्कतच्या विमानतळावर एका पोराने
दोन बोटांत धरून, तोंड वाकडं करून, टोपलीत टाकल्या.
त्याच रात्री रघुवीरने पहिली सिगारेट पेटवली.
एक दार बंद झालं, तर माणूस खिडकीतून शिरला.
हे मी कुणाच्या बाजूने सांगत नाही.
खोकला त्याला दोन्हीकडे होताच.

मराठीत एक गंमत आहे.
कर म्हणजे सरकारचा.
कर म्हणजे हात, ज्याच्यावर तंबाखू मळतात.
आणि कर म्हणजे नुसतंच कर,
फोनवर शालनवहिनी म्हणतात तसं,
"आता तरी काहीतरी कर."
दोन अक्षरांत तिघं राहतात,
एकमेकांच्या कुशीत गुडघे खुपसून,
भाडं वाटून.

साडेअकरा.
इक्का म्हणाले, एकशे साठ लिही,
बाकीची तांदळाच्या पोत्यांमागे.
पाप नाही रे, नुसता अंधार आहे तिथे.
माझं अक्षर चांगलं आहे.
गावी ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या पावत्या मीच लिहायचो,
लोक म्हणायचे, पुढच्या महिन्यात नक्की,
आणि मी मान हलवायचो, कारण आमचीही बाकी होती.
मी एकशे साठ लिहिलं.
साठातला सहा जरा थरथरला,
तेवढं चालतं.

बारा वाजून चार मिनिटांनी
शटरखालून वाकून रघुवीर आत आला.
भट्टीचा वास, पापण्यांवर धूळ,
काउंटरवर पन्नासची दोनच नाणी.
भाव बदललाय, मी म्हणालो.
माहीत आहे, तो म्हणाला, आणि उभा राहिला.
ज्या हातावर पूर्वी चुना असायचा
त्या हातावर आता ठिणग्यांचे ठिपके,
आणि तो हात काउंटरवर उताणा, वाट बघत.

चीज कापायच्या सुरीने मी एक बरोब्बर मधोमध कापली.
थोडा चुरा सांडला. त्याने बोट ओलं करून तो टिपला,
अर्धी कानामागे ठेवली
आणि परत वाकून गेला.

उरली साडेसहा.
फॉर्म अजून समोर आहे.
अर्ध्यासाठी रकाना शोधतोय.